अहो, ही तर सलमानची आई!

सलमान खानची आई सुनेशी कचाकचा भांडते, ही बातमी आमच्या चाळीत पहिल्यांदा फुटली ती नळाला पाणी आलं त्या वेळी. म्हणजे पहाटे. इतक्या पहाटे इतकी गरम बातमी आधी कधी आली नव्हती. कळश्या भरून वाहायला लागल्या तरी कोणाला शुद्ध नाही. "अहो, तीच ती! 'मैंने प्यार किया'मधली! काल मेट्रो चॅनलवर होती. आणि सुनेला काय काय बोलली म्हणून सांगू!" सांगू म्हणणारीने मग सगळं सांगितलंच, अगदी हातवाऱ्यांसकट. ऐकणाऱ्यांनी "शिव शिव" म्हणत कानावर हात ठेवले आणि जाता जाता कार्यक्रमाची वेळ तेवढी विचारून घेतली.

साल १९९४. मालिका 'तू तू मैं मैं'. सासू देवकी वर्मा म्हणजे रीमा लागू, सून राधा वर्मा म्हणजे सुप्रिया पिळगांवकर, आणि दोघींना एकमेकींच्या अंगावर सोडून कॅमेऱ्यामागे बसलेला दिग्दर्शक कोण, तर सुप्रियाबाईंचे सख्खे यजमान सचिन. आता काय म्हणावं! एरवी सासू-सुनेचं वाजलं की घरातला पुरुष चपला पायात सरकवतो आणि कोपऱ्यावर पान खायला जातो. हे गृहस्थ स्वतः 'ॲक्शन' म्हणून भांडण लावून देणार, आणि बायकोला पुरेसं बोलून घ्यावं लागलं नाही असं वाटलं तर तेच भांडण पुन्हा करायला लावणार. वर त्याचे पैसे घेणार. चाळीतल्या समस्त पुरुषांना हा माणूस देवासारखा वाटला असावा, पण बोललं कोणी नाही.

बरं, घराच्या पाटीवर आडनाव काय, तर वर्मा. सासरे कुलदीप पवार, सासू लागू, सून माहेरची सबनीस आणि सासरची पिळगांवकर. एक मुलगा तेवढा महेश ठाकूर. हे कसले वर्मा? मालिका हिंदी होती हे खरं, संवादही हिंदीच होते. पण टोमणा मारून झाल्यावर, समोरचीला उत्तर सुचायच्या आत, पदर सावरत आत स्वयंपाकघरात निघून जायचं जे टायमिंग असतं ना, ते अस्सल दादर-गिरगावचं होतं. ते हिंदीत लिहून देता येत नाही.

तर धक्का कसला बसला होता ते आधी समजून घ्या. नुसती सासू भांडली म्हणून कोण पहाटे गर्दी करतं? त्यासाठी टीव्ही कशाला लागतो? धक्का होता तो ही बाई भांडली याचा. १९८८ मध्ये 'कयामत से कयामत तक'मध्ये जुही चावलाची आई, १९८९ च्या डिसेंबरात 'मैंने प्यार किया'मध्ये सलमानची आई, १९९० मध्ये 'आशिकी'त राहुल रॉयची आई. भारतीय बायकांनी निरुपा रॉयनंतर जिला मनापासून आपली मानली, ती ही आई. पण फरक बघा. निरुपाबाई शिलाई मशीनवर वाकून खोकायच्या. ही नव्या जमान्याची आई होती. नीटस साडी, लाघवी हसू, मुलाच्या मनातली मुलगी मुलाच्या आधी ओळखणारी. असल्या आईवर माणूस विश्वास टाकतो. आणि तिला तुम्ही एके दिवशी भुवया उडवत, मान वेळावत "बहू" म्हणताना बघता!

आता खरं प्रकरण इथे सुरू होतं. कारण सगळे नको त्या गोष्टीवर "शिव शिव" करत होते, आणि जिथे करायला हवं होतं तिथे कोणी हूं का चूं केलं नाही. रीमाबाईंचा जन्म १९५८ चा. सलमानचा १९६५ चा. म्हणजे आई सात वर्षांची असताना हे बाळ झालं. 'गुमराह'मध्ये त्या श्रीदेवीच्या आई, आणि श्रीदेवी १९६३ ची. पाचव्या वर्षी लेक! 'येस बॉस'मध्ये शाहरुखची आई, त्याचंही साल १९६५. आणि कळस म्हणजे 'वास्तव'. तिथे मुलगा संजय दत्त, जन्म जुलै १९५९. आईपेक्षा जेमतेम वर्षभराने लहान. त्यातल्या त्यात शोभून दिसली ती 'कुछ कुछ होता है'मधली काजोल, तिथे निदान सोळा वर्षांचं अंतर होतं. एवढा बालविवाह पडद्यावर उघड उघड चालला होता आणि सेन्सॉर बोर्ड डोळे मिटून प्रमाणपत्रं देत होतं. यावर कुठल्या मंडळाने ठराव केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आणि याच बाई टीव्हीवर काय करत होत्या, विचारा. 'श्रीमान श्रीमती'! तीही १९९४ चीच, दूरदर्शनवर. अधिकारी बंधूंची निर्मिती, राजन वाघधरे यांचं दिग्दर्शन. शेजारी-शेजारी दोन घरं. एका घरात केशव कुलकर्णी आणि त्यांची सुगरण बायको कोकिला, दुसऱ्यात सिनेनटी प्रेमा शालिनी आणि तिचा घरकाम करणारा नवरा दिलरुबा. केशवचा जीव प्रेमावर, दिलरुबाचा जीव कोकिलावर. आणि कोकिला म्हणजे रीमा लागू! ही गोष्ट राष्ट्रीय वाहिनीवर, घरातले सगळे पानावर बसलेले असताना, आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी हसत हसत पाहिली. कोणाला ठसका लागला नाही. कारण त्यात चावटपणा होता, पण कोणाचा पाय घसरत नव्हता. केशव झालेले जतीन कनाकिया प्रेमाच्या दारात लाळ गाळत उभे राहायचे आणि परत घरी यायचे. दिलरुबा झालेले राकेश बेदी कोकिलाच्या हातच्या पदार्थाचं कौतुक करता करता पाघळायचे आणि तेही परत घरी जायचे. गंमत म्हणजे कुलकर्णी झाला होता गुजराती जतीन, आणि कोकिला असं अस्सल गुजराती वाटणारं नाव मिरवत होत्या मराठी रीमाबाई. वर्मांच्या पाटीचा हिशेब इथे फिटला म्हणायचा.

म्हणजे बघा हं. १९९४ च्या ऑगस्टात 'हम आपके हैं कौन' आला. त्यात माधुरी दीक्षित आणि रेणुका शहाणे या दोन उपवर मुलींची आई कोण, तर रीमा लागू. माधुरी त्यांच्याहून नऊ वर्षांनी धाकटी. थिएटरात व्याही-विहिणींचे मानपान, डोळे टिपणं, पाठवणी. आणि घरी येऊन टीव्ही लावला की याच छत्तीस वर्षांच्या बाईसाठी शेजारचा दिलरुबा वेडापिसा झालेला! सिनेमावाल्यांना जिच्यात फक्त विहीणबाई दिसली, तिच्यात टीव्हीवाल्यांना शेजाऱ्याची झोप उडवणारी बाई दिसली. माझं मत विचाराल तर नजर टीव्हीवाल्यांचीच शाबूत होती. (जाता जाता एक खबर: 'हम आपके हैं कौन' ज्या 'नदिया के पार'वरून बेतला, त्याचा नायक सचिन. आणि त्याच वर्षी सचिन रीमाबाईंना टीव्हीवर सुनेशी भांडायला लावत होते. ही इंडस्ट्री किती छोटी आहे, नाही?)

आता वेडाबद्दल. तसं आमच्या घरी कोणी वेडं नव्हतं, सगळे फक्त 'सहज लागलंय म्हणून' बघत होते. पण समोरच्या बिऱ्हाडाचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांच्याकडे रंगीत टीव्ही, म्हणून आम्ही पोरं उंबऱ्यात. सासूबाई पलंगावर ताटात गवार मोडत बसलेल्या. सूनबाई खाली चटईवर, समोर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. दोघींची तोंडं टीव्हीकडे, एकमेकींकडे मुळीच नाही. पडद्यावर देवकीने राधाला सुनावलं की पलंगावर गवारीची शेंग जरा जोरात मोडायची, कट्. राधाने उलट सुनावलं की चटईवरची इस्त्री कॉलरवर धप्पकन आपटायची. संवाद एकीने जोरकस म्हटला की सासूबाई नातवाला सांगायच्या, "आवाज वाढव रे, ऐकू येत नाही." दुसरीची पाळी आली की सूनबाई म्हणायच्या, "अरे, रिमोट मला दे जरा." मधे खुर्चीत त्यांचे काका. त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र त्या अर्ध्या तासात एकदाही उलटलं गेलं नाही.

भाग संपला की मात्र शांतता नसे. "बघितलंस, शेवटी कोणाचं खरं झालं?" "हो ना, आई, बघितलं ना, सुनेचंच." हे दोघीही हसत म्हणायच्या. मग दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं की सासूबाई जिन्यात दुसऱ्या काकूंना सांगायच्या, "राधा झालीय नुसती आमची." आणि सूनबाई गच्चीवर पापड वाळत घालताना आपल्या मैत्रिणीला, "आज देवकी सकाळपासून फॉर्मात आहे." महिनाभरात चाळीत चार देवक्या आणि पाच राधा झाल्या. एक राधा जास्त होती, कारण एका घरात दोन सुना. खरं तर त्याआधी या सगळ्यांना मागे काय काय म्हणत असत, ते इथे छापता येणार नाही. त्या मानाने देवकी हे पदोन्नतीचंच नाव म्हणायचं.

आमच्या आईचं वेगळंच. माझं लग्न ठरायचं होतं. ती म्हणायची, "नीट बघून ठेव." काय बघून ठेवू, हे तिने कधी सांगितलं नाही.

आता ज्येष्ठांचं म्हणणं होतं की असल्या मालिकांनी घरं मोडतील. मोठाच विनोद. मालिकेच्या तीनच वर्षं आधी, १९९१ मध्ये, 'माहेरची साडी' येऊन गेला होता. अलका कुबल सोसतेय, सोसतेय, सोसतेय, आणि उषा नाडकर्णींची सासू छळतेय. बायका थिएटरातून सुजलेले डोळे घेऊन बाहेर पडत होत्या. त्याआधी कैक वर्षं ललिता पवारांचा एक डोळा बारीक झाला की अख्ख्या थिएटरातल्या सुना आवंढा गिळायच्या. तेव्हा घरं मोडायची भीती कोणाला वाटली नाही. सून मुळूमुळू रडते तोवर सगळं संस्कृतीत बसतं. ती पटकन उत्तर देते आणि सासूला त्या उत्तरावर तितकंच झणझणीत प्रत्युत्तर सुचतं, तेव्हा मात्र संस्कृती बुडते!

'तू तू मैं मैं'ची सगळी करामत इथे होती. दोघी तोडीस तोड. दोघीही चूक. कारण पाहावं तर क्षुल्लक. घर कोणाचं, स्वयंपाकघर कोणाचं, आणि मधे सापडलेला तो बिचारा मुलगा रवी कोणाचा. एवढंच. कोणी कोणाच्या दुधात विष कालवत नव्हतं, कोणी जिन्यावरून ढकलत नव्हतं, इस्टेटीचे कागद गायब होत नव्हते. अर्ध्या तासात पेटायचं, अर्ध्या तासात विझायचं, आणि पुढच्या वेळी दोघी ताज्यातवान्या होऊन पुन्हा कंबर कसून उभ्या. आणि बाहेरच्या तिसऱ्या कोणी घरातल्या एकीला काही बोललं की दुसरी त्या बाहेरच्यावर तुटून पडणार. हे ज्याच्या घरात घडलं नाही असा माणूस मला दाखवा.

रीमाबाईंचं काम बारकाईने पाहण्यासारखं होतं. त्या ओरडायच्या नाहीत फारशा. आवाज आधी मध लावल्यासारखा गोड करायच्या, मग अर्धं वाक्य तसंच हवेत सोडून द्यायच्या, आणि उरलेलं अर्धं नुसत्या डोळ्यांनी पुरं करायच्या. समोर सुप्रियाबाई नाकाचा शेंडा वर करून वाटच बघत असायच्या, आता चेंडू येतोय आणि आपण तो टोलवणार. या सासू-सुनेत खऱ्या आयुष्यात अंतर होतं नऊ वर्षांचं. म्हणजे देवकी छत्तिशीची आणि राधा सत्ताविशीची. थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ म्हणून सहज खपल्या असत्या. पण तेव्हा कोणी जमेस धरलं नाही, इतक्या त्या सासू-सून होत्या.

पण मला खरं आश्चर्य वाटतं ते, 'अगं बाई, ही अशीही आहे का' म्हणणाऱ्या मराठी मंडळींचं. हिंदीवाल्यांचं एक वेळ समजू शकते. त्यांना कुठलं माहीत असायला? रीमाबाई मूळच्या नयन भडभडे, रंगभूमीवर काम करणाऱ्या मंदाकिनी भडभडे यांची लेक. शिकल्या पुण्याच्या हुजूरपागेत. पुढे काही काळ बँकेतली नोकरीही करून झाली. नाटक अंगातच होतं. जयवंत दळवींच्या 'पुरुष'मध्ये त्यांची अंबिका ज्यांनी पाहिली, समोर नाना पाटेकरांचा गुलाबराव असताना, ते लोक त्या नाटकाचा शेवट आठवून अजून खुर्चीत सावरून बसतात. ज्या बाईने गुलाबरावाचा तसा हिशेब केला, तिने सुनेला दोन शब्द सुनावले तर त्यात एवढं दचकायचं काय? उलट जिला रंगमंचावर अंबिका जमते, तिच्या वाट्याला सिनेमाने वर्षानुवर्षं मुलाच्या केसांतून हात फिरवायचं काम दिलं, यावर कोणी दचकलं नाही.

सिनेमावाल्यांनी बक्षिसाच्या बाबतीतही जे केलं ते सांगते. 'मैंने प्यार किया', 'आशिकी', 'हम आपके हैं कौन', 'वास्तव'. चार वेळा फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं नामांकन. मिळालं किती वेळा? एकदाही नाही. आई म्हटल्यावर काय, तिचं पान शेवटीच वाढायचं.

'वास्तव' आला १९९९ च्या ऑक्टोबरात. तोवर 'तू तू मैं मैं' दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवरून स्टार प्लसवर जाऊन तिथे चांगली स्थिरावली होती. म्हणजे एकाच काळात ही बाई थिएटरात गुंड झालेल्या पोटच्या पोराला स्वतःच्या हाताने गोळी घालत होती, आणि त्याच पोराच्या जवळपास वयाची असून घरच्या टीव्हीवर सुनेशी हुज्जत घालत होती. त्याच सुमारास आलेल्या 'हम साथ साथ हैं'मध्ये मैत्रिणींचं ऐकून कैकयी व्हायचं कामही त्यांच्याकडेच. एका बाईने एका वर्षात किती घरं सांभाळायची!

मग आलं २००० साल. स्टार प्लसवरच ३ जुलैला दोन गोष्टी एकदम सुरू झाल्या. एक 'कौन बनेगा करोडपती', दुसरी 'क्योंकि सास भी कभी बहू थी'. देवकी-राधाचा पसारा त्याच वर्षी आवरला. आणि सासू-सून या जोडीचं जे काही झालं ते तुम्ही पाहिलंतच. कॅमेरा एकीच्या तोंडावर तीनदा आपटणार, विजा कडाडणार, ज्याला आपण मेला म्हणून रडलो तो परत येणार. भांडण अर्ध्या तासात मिटायचं सोडून थेट नोव्हेंबर २००८ पर्यंत पुरलं, १,८३३ भाग! घराघरात कटकारस्थानं, भरजरी साड्या नेसून झोपणाऱ्या बायका, आणि हसणं औषधाला नाही. यावर मात्र चाळीत कोणी "शिव शिव" म्हटलं नाही. उलट नळाच्या वेळा बदलून घ्याव्यात काय, यावर विचारविनिमय झाला.

रीमाबाई नंतरही भांडायला यायच्या अधूनमधून. २०१३ मध्ये झी मराठीवर 'तुझं माझं जमेना', सून मनवा नाईक. या वेळी भाषाही आपली, त्यामुळे दारावर परक्या नावाची पाटी लावायची गरज उरली नव्हती. त्यानंतर स्टार प्लसवर २०१६ मध्ये 'नामकरण', त्यात दयावंती मेहता. म्हणजे जिने हसवून भांडण करायची रीत पाडली, तिलाही शेवटी डोळे वटारणाऱ्या, डाव टाकणाऱ्या घरमालकिणीची खुर्ची दिली गेली. त्यांनी तीही सोडली नाही. त्या मालिकेचं काम चालू असतानाच, १८ मे २०१७ ला, हृदयविकाराने त्या गेल्या. वय अवघं एकोणसाठच्या उंबऱ्यावर. दुसऱ्या दिवशीच्या बहुतेक मथळ्यांत 'बॉलीवूडची लाडकी आई' होतं. देवकी वर्मा आणि कोकिला कुलकर्णी आतल्या मजकुरात, खाली कुठेतरी. हा खरा अन्याय!

'श्रीमान श्रीमती'चा वारसा तसा चालूच आहे. २०१५ पासून ज्या 'भाभीजी घर पर हैं'ने धुमाकूळ घातला, तिची बीजं तिथलीच, आणि करणाऱ्यांनी ते कबूलही केलं आहे. शेजाऱ्याची बायको, शेजाऱ्याचा नवरा, रोज नवा डाव, रोज पोपट. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने मूळ मालिकाही पुन्हा दाखवली. तेव्हा घरात कोंडलेल्या कित्येक केशवांनी ती आपापल्या कोकिलांच्या शेजारी बसून निमूटपणे पाहिली. दुसरीकडे जायला जागा नव्हतीच.

आणि आता ताजी खबर. त्या वेळी चटईवर इस्त्री आपटणारी आमच्या समोरची सूनबाई आता सासू झाली आहे. चाळ पाडून टॉवर झाला, बाई बाराव्या मजल्यावर असते. हल्ली ती 'तू तू मैं मैं'च्या क्लिपा शोधून शोधून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. वर लिहिते, "जुन्या आठवणी", आणि खाली दोन हात जोडलेले. गेल्या आठवड्यात तिने एक क्लिप टाकली, तीत देवकी वरचढ. पाच मिनिटांत तिच्या सुनेने उत्तर दिलं. शब्द एकही नाही. हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारा तो पिवळा गोल चेहरा, तीन वेळा. आता हा हसणारा चेहरा देवकीच्या बाजूने की राधाच्या, यावर जुन्या चाळकऱ्यांच्या ग्रुपवर कालपासून तुंबळ चर्चा चालू आहे. मुलाला विचारलं, तर म्हणे त्याने मेसेज अजून पाहिलाच नाही. निळ्या खुणा तर केव्हाच्या दिसताहेत.